रंकाळ्याच्या कट्ट्यावरून दांडेलीपर्यंत: राहून गेलेली जंगलवारी एकदाची घडवायची कशी

बावीस वर्षं आमची ही ट्रीप कोल्हापुरातल्या रंकाळा तळ्याच्या कट्ट्यावरच फिरून आली. दर दिवाळीला कुणीतरी म्हणायचं, "भावा, यंदा जायचंच." दुसरा म्हणायचा, "ठरवा की लेकाहो, मी कधीबी तयार हाय." भेळ संपली की भेळेच्या कागदाबरोबर ट्रीपही तिथंच चुरगळून पडायची. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही सहाजण खरोखरच जाऊन आलो. राधानगरी-दाजीपूर, आंबोली, मोले, गणेशगुडी, दांडेली आणि परत कोल्हापूर. सहा दिवस, पाच मुक्काम आणि सातशेच्या वर किलोमीटर. सगळे पन्नाशी ओलांडलेले. दोघांना बीपी, एकाला साखर, एकाचा गुडघा वाजतो आणि एकाची बायको रोज रात्री नऊला फोन करते.

परत आल्यापासून ओळखीतले बरेचजण विचारतायत, कसं जमवलंत. प्रत्येकाला चहाच्या टपरीवर तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

तारीख ठरवा, ठरवून घेऊ नका

"कधीबी तयार हाय" म्हणणारा माणूस सगळ्यात धोक्याचा. तो कधीही तयार असतो, म्हणजे कुठल्याच तारखेला नसतो. "कुणाला कधी जमतंय?" हा प्रश्न ग्रुपवर टाकला की ट्रीप मेलीच म्हणून समजा. सहा माणसांच्या सोयीची तारीख कॅलेंडरात नसतेच.

आम्ही उलटं केलं. आधी नको असलेल्या तारखांवर काट मारली. आमच्यातला एकजण शेतकरी आहे. उसाला तोड कधी येईल ते कारखाना ठरवतो, त्यामुळे त्याचा तो पंधरवडा बाद. बँकवाल्याचा महिनाअखेर बाद. भाचीचं लग्न, मुलाची परीक्षा, तेही बाद. उरलेल्यातून दोघांनी एक तारीख जाहीर केली आणि सांगितलं, चारजण झाले तरी गाडी निघणार. त्याच रात्री प्रत्येकी पाच हजार खजिनदाराकडे, आणि आला नाहीस तर परत नाहीत. पैसे गेले की माणूस येतो. हा एक नियम आम्ही बावीस वर्षांपूर्वी केला असता तर आत्तापर्यंत हिमालय पालथा घातला असता.

हंगामाचं म्हणाल तर पावसाळ्यात अभयारण्यांची फाटकं पर्यटकांना बंद असतात. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीची सुरुवात हा काळ उत्तम. ओढ्यांना पाणी असतं, हवा गार असते, धुकं असलं तरी पहाटेपुरतं. जनावरं दिसायलाच हवीत असा हट्ट असेल तर मार्च-एप्रिल बरा. पाणी आटलं की गवे पाणवठ्यावर येतात. पण मग घाम आणि धुरळा सोसायची तयारी ठेवा. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा अजिबात नको. त्या दिवसांत निम्मा देश गोव्यात असतो आणि आपला तिसरा मुक्काम तिथंच आहे.

निघायचा वार सोमवार किंवा मंगळवार धरा. शनिवार-रविवारी जंगलात जनावरांपेक्षा स्पीकर जास्त भेटतात. मात्र आठवड्यातला एखादा दिवस काही अभयारण्यं बंद असतात, तो वार आधी विचारून घ्या. फार वर्षांपूर्वी आम्ही तिघे मोटारसायकलवरून नेमके साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एका अभयारण्याच्या फाटकावर पोहोचलो होतो. फाटकावरच्या माणसानं आम्हाला चहा पाजला, पण आत सोडलं नाही. चूक त्याची नव्हती.

आधी एक रंगीत तालीम

ही युक्ती बँकवाल्याची, आणि त्याला याबद्दल पैकीच्या पैकी गुण. मोठ्या ट्रीपच्या महिनाभर आधी एका दिवसाची तालीम करा, आणि तीही चांदोलीला.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, मुंबईचं संजय गांधी आणि आपलं चांदोली. पश्चिम महाराष्ट्रात दर्जा असलेलं राष्ट्रीय उद्यान तेवढंच. राधानगरी हे कागदोपत्री अभयारण्य आहे. फरक असा की अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात चराईसुद्धा चालत नाही. चांदोलीला हा दर्जा २००४ साली मिळाला. क्षेत्र ३१७ चौरस किलोमीटर, आणि ते सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलंय. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ मात्र नावापुरतेच होते. आता २०२५ च्या नोव्हेंबरपासून ताडोब्याच्या बाजूनं वाघीण आणून सोडायला सुरुवात झालीय.

कोल्हापूरहून कोकरूड, शेडगेवाडी करत वारणावती गाठायचं. पहाटे निघालात तर संध्याकाळी घरी. आत धरणाचं पाणी, झोळंबीचा सडा (उघडं खडकाळ पठार) आणि उठून गेलेल्या गावांच्या खुणा दिसतात. कुठं जोतं, कुठं तुळशीवृंदावन. शेतकरी मित्र त्या जोत्यांपाशी बराच वेळ गप्प उभा होता.

पण तालमीचा खरा उपयोग माणसं कळायला होतो. कुणाला घाट लागतो, कुणाला दर तासाला थांबावं लागतं, गाडी चालवताना कोण फोन उचलतो, मागच्या सीटवर कुणाचे गुडघे मावत नाहीत, हे सगळं एका दिवसात कळतं. आमच्यातला एक स्वतःला पट्टीचा ड्रायव्हर समजायचा. उतारावर तो गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो हे तालमीत दिसलं आणि पुढच्या सहा दिवसांत त्याला घाटात स्टीअरिंग मिळालं नाही. मोठ्या ट्रीपमध्ये यावरून भांडण झालं असतं. तालमीनंतर नुसती थट्टा झाली.

रस्ता असा आखा

चांदोली मोठ्या ट्रीपमध्ये का घेतली नाही? कारण ते वायव्येला आणि बाकी सगळं दक्षिणेला. चांदोलीहून राधानगरीला जाताना कोल्हापूर वाटेत लागतं. आणि मधेच कोल्हापूर लागलं की कुणीतरी "जरा घरी जाऊन येतो" म्हणतो, आणि घरी गेलेला माणूस परत येत नाही.

म्हणून हे वर्तुळ:

पहिला दिवस कोल्हापूर-राधानगरी-दाजीपूर, साधारण ८० किलोमीटर.
दुसरा दिवस सकाळी जंगल, दुपारनंतर मुदाळ तिट्टा, गारगोटी, आजरा करत आंबोली.
तिसरा दिवस आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तिथून गोव्यातलं मोले.
चौथा दिवस सकाळी दूधसागर, दुपारी अनमोड घाट चढून रामनगरमार्गे गणेशगुडी.
पाचवा दिवस पूर्ण गणेशगुडी-दांडेलीत.
सहावा दिवस बेळगावमार्गे घर, दोनशेच्या आसपास किलोमीटर.

शेवटचा दिवस सोडला तर रोज सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. "तेवढ्यात कुद्रेमुखपण करू" असं म्हणणारा एकजण आमच्यातही होता. कुद्रेमुख सुंदर आहे, १९८७ सालचं राष्ट्रीय उद्यान, शोलावनं आणि गवताळ डोंगर. पण कोल्हापूरपासून पाचशेच्या वर किलोमीटर. त्यासाठी वेगळी ट्रीप करा. एका ट्रीपमध्ये दोन ट्रीपा कोंबल्या की दोन्ही गाडीच्या काचेतूनच बघायला लागतात.

कागद, गाडी, पैसा

जंगलातले मुक्काम आधी पक्के करा, हॉटेलचं मागाहून बघता येतं. वनखात्याचे तंबू आणि विश्रामगृहं थोडी असतात, लवकर भरतात. नोंदणी ऑनलाइन केली तरी आदल्या दिवशी फोन करून खात्री करा आणि पावतीची छापील प्रत जवळ ठेवा, कारण जिथं ती दाखवायची तिथं मोबाइलला रेंज नसते. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हवं. प्रवेश शुल्क, वाहन शुल्क, कॅमेरा शुल्क आणि वाटाड्याचं मानधन असं वेगवेगळं द्यावं लागतं. सुट्टे पैसे ठेवा.

गाडी किती? सहाजणांसाठी एकच सातसीटर. दोन गाड्या केल्या की गप्पांचे दोन तुकडे पडतात आणि प्रत्येक जोक दोनदा सांगावा लागतो. मात्र शेवटच्या रांगेत एकच माणूस आणि बाकी बॅगा, आणि त्या जागेची पाळी रोज बदलायची. वाजणाऱ्या गुडघ्याला त्यातून सूट. चालवणारे दोघे, दर दोन तासांनी अदलाबदल.

ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी "भाड्यानं" घेऊ नका. खासगी गाडी भाड्यानं फिरवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. भाड्याचीच घ्यायची तर पिवळ्या पाटीची घ्या, आणि कर्नाटक-गोव्याचा परमिट नि कर कोण भरणार ते बोलीतच ठरवा. स्वतःची असेल तर आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स. तीन राज्यांत फिरणार आहात, कुठंतरी विचारतातच. राष्ट्रीय महामार्गावर वर्षभर फिरणं असेल तर फास्टॅगचा वार्षिक पास परवडतो. एवढ्या ट्रीपपुरता घ्यायची गरज नाही.

गॅरेजला गाडी आठ दिवस आधी न्या, आदल्या दिवशी नको. नवीन पार्ट बसवला तर तो आठ दिवसांत आपला गुण दाखवतो. मेकॅनिकला नुसतं "सर्व्हिसिंग कर" न म्हणता ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट आणि टायर ही चार नावं घेऊन सांगा. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर घाटात नेऊ नये. स्टेपनीत हवा आहे का ते स्वतः दाबून बघा. आमच्या स्टेपनीत नव्हती.

पैशांसाठी एकच डबा. प्रत्येकानं सुरुवातीला सारखी रक्कम घालायची, खर्च त्यातूनच, आणि खजिनदार एकच. आमचा खजिनदार शाळामास्तर. तो खिशात छोटी वही बाळगायचा आणि दोन वडापाव घेतले तरी लिहायचा. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. तिसऱ्या दिवसापासून त्याच्यामुळेच "मी मघाशी दिले होते" हे वाक्य ट्रीपमधून हद्दपार झालं. तेलाचा अंदाज सोपा आहे: साडेसातशे किलोमीटर, घाटात लिटरला तेरा-चौदा धरा, म्हणजे पंचावन्न लिटरच्या आसपास. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त मिळतं, तेव्हा टाकी तिथं भरा. गोव्यातून बाटल्या मात्र आणू नका. परवान्याशिवाय तिथली दारू महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात आणणं गुन्हा आहे, आणि नाक्यावर गाडी रिकामी करून दाखवण्यात अर्धा दिवस जातो.

पिशवीत काय

कपड्यांबद्दल फार सांगत नाही. मळकट हिरवे-तपकिरी रंग, पूर्ण बाह्या, पायात बूट आणि पहाटेसाठी एक स्वेटर. दाजीपूर-आंबोलीची डिसेंबरातली पहाट कोल्हापूरकरालाही हुडहुडी भरवते.

औषधं मात्र नीट बघा. रोजच्या गोळ्या सहाऐवजी दहा दिवसांच्या, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत. उलटीची गोळी घाट लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, घाटात नाही. तिनं झोप येते, म्हणून चालवणाऱ्यानं घ्यायची नाही. साखरवाल्यानं खिशात खडीसाखर ठेवायची. क्रेप बँडेज, ओआरएस, गोचीड काढायला बारीक टोकाचा चिमटा. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. ११२ आणि महामार्गाचा १०३३ हे दोन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू देत, आणि नकाशे घरूनच डाउनलोड करा.

खाण्याचं कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको. तरी सांगतो, पहिल्याच सकाळी झणझणीत मिसळ हाणून घाटाला लागू नका. आमच्या एकानं ते केलं आणि दाजीपूरच्या वळणांनी तर्रीचा हिशेब चुकता केला. धपाटे आणि दशम्या दोन दिवस टिकतात, कडक भाकरी चार दिवस. शेंगदाण्याची चटणी, भडंग, खर्डा, केळी. दांडेलीत पाचव्या दिवशी इडली-सांबारला सगळे कंटाळले तेव्हा मास्तरनं बॅगेच्या तळातून कांदा-लसूण चटणीचा डबा काढला. सहा माणसं इडलीवर चटणी थापून खात होती आणि वाढणारा आमच्याकडे बघतच राहिला.

दाजीपूर: घाई नको ती जागा

कोल्हापूरहून पहाटे सहाला निघा. हिवाळ्यात भोगावती-राधानगरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर. अंधारात त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. सहाही दिवसांत मला खरी भीती कशाची वाटली असेल तर ती याची, गव्याची नाही. म्हणून या पट्ट्यात अंधारात गाडी नकोच. सहाला निघालात तर उसाच्या पट्ट्यात शिरेपर्यंत उजाडतं.

राधानगरी धरणावर थांबा. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं हे धरण. पाणी वाढलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. कोल्हापुरात दर पावसाळ्यात "राधानगरीचे किती दरवाजे उघडले?" हाच सवाल असतो. तो सवाल लहानपणापासून ऐकणाऱ्या सहा माणसांनी ते दरवाजे पन्नाशीत पहिल्यांदा जवळून बघितले.

पलीकडचं जंगल हे संस्थानकाळातलं शिकारीचं रान. १९५८ मध्ये ते दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. पुढं १९८५ मध्ये क्षेत्र वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरल्या, त्यात हे आहे.

पहिल्या दिवशी नुसते पोहोचा, जेवा, झोपा. फेरी दुसऱ्या दिवशी फाटक उघडताक्षणी घ्या. स्थानिक वाटाड्या घ्याच. आम्हाला झाडीत नुसती झाडी दिसत होती तिथं त्यानं शेकरूचं घरटं दाखवलं, अस्वलानं उकरलेलं वारूळ दाखवलं.

सावराई सड्यावर धुकं होतं. सडा म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार. मध्ये पिवळं पडलेलं गवत, कडेला अंजनी-जांभळीची खुजी झाडं. वाटाड्यानं हात वर केला आणि गाडी बंद झाली. आधी वास आला, गोठ्यासारखा पण जास्त उग्र. मग धुक्यातून एक काळा खांदा, त्याच्याखाली गुडघ्यापासून खाली पांढरे पाय, जणू कुणी मोजे घातलेत. मग दुसरा, तिसरा. अकरा मोजले. म्हातारा नर कडेला उभा राहून आमच्याकडे बघत होता. असला नर हजार किलोपर्यंत भरतो. गवत उपटल्याचा चर्र चर्र आवाज तेवढा येत होता. बावीस वर्षं अखंड बडबड करणारी आम्ही सहा माणसं तब्बल वीस मिनिटं गप्प होतो. असं या ग्रुपमध्ये त्याआधी फक्त निकालाच्या दिवशी झालं होतं.

गवा रस्त्यावर भेटला तर नियम साधे आहेत. हॉर्न नाही, दिव्याची उघडझाप नाही, गाडीतून उतरणं नाही. मागच्या मागं गाडी घेऊन वाट मोकळी करायची. कळपात वासरू असेल तर अंतर दुप्पट. सेल्फीवाल्याला मधल्या सीटवर बसवा.

आंबोली आणि खाली

दुपारी निघून आजऱ्यात थांबा आणि घनसाळ तांदूळ घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेला, शिजताना घरभर वास सुटणारा. घरच्यांसाठी भेट म्हणून याहून बरी वस्तू सबंध वाटेवर नाही, आणि ती पहिल्या टप्प्यातच मिळते.

आजऱ्यातून वाहणारी हिरण्यकेशी उगम पावते ती आंबोलीत. तिथल्या देवळाच्या कुंडात एक छोटा, सोनेरी छटेचा मासा सापडला. शास्त्राच्या दृष्टीनं तो नवाच. त्याला नदीचंच नाव मिळालं, आणि ती जागा आता जैविक वारसास्थळ आहे. पाण्यात पाय घालू नका, नुसतं वाका आणि बघा. आंबोलीचा पावसाळी धबधबा या दिवसांत आटलेला असतो, त्याबद्दल हळहळू नका. रात्री वाटाड्याबरोबर टॉर्च घेऊन तासभर फिरलात तर सापांपासून बेडकांपर्यंत बरंच काही दिसतं. एकानं पानावरचा हिरवा चापडा हा विषारी साप दाखवला. तो दाखवेपर्यंत मी त्याला देठ समजत होतो आणि हात एका फुटावर होता.

दुसऱ्या सकाळी घाट उतरताना: ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दाबूनही लागत नाहीत. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, चाकावर पाणी मारू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. धुक्यात डिपर खाली ठेवा; चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावले की मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही.

मोले: एका दगडासाठी आणि एका पाण्यासाठी

मोलेचं जंगल २४० चौरस किलोमीटरचं. त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा म्हणजे राष्ट्रीय उद्यान. पोहोचायच्या आधी तांबडी सुर्लाला वाकडी वाट करा. जंगलाच्या पोटात, ओढ्याकाठी, काळ्या दगडाचं कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ. छोटंसं आहे. आमच्यातला स्थापत्यवाला खांबांवरून हात फिरवत राहिला आणि आम्ही ओढ्यात पाय सोडून बसलो.

दूधसागरला कुळ्याहून जीप जातात, त्यांची संख्या ठरलेली असते. तेव्हा नोंदणी आधी करा आणि सकाळची पहिली फेरी धरा. लाइफ जॅकेट सक्तीचं. जीप ओढ्यातून जाते, कंबर दुखणाऱ्यानं पुढं बसावं. रेल्वेरुळावरून चालत जायचा जुना प्रकार आता विसरा; त्याला बंदी आहे आणि ती योग्य आहे. तीनशे मीटर उंचीवरून कोसळणारं ते पाणी डिसेंबरातही बऱ्यापैकी असतं.

गणेशगुडी: दोन रात्री हव्यातच

अनमोड घाट चढून कर्नाटकात आलं की जंगल बदलतं. झाडं उंच होतात, बांबूची बेटं लागतात. हा काळी व्याघ्र प्रकल्प; जुन्या लोकांच्या तोंडी अजून अणशी आणि दांडेली. जोयडा तालुक्यात मराठी-कोकणी सर्रास समजतं, भाषेची चिंता नको. काळी नदीवरच्या सुपा धरणाची उंची १०१ मीटर. त्या पाण्याखाली सुपा गाव गेलं.

इथं धनेशासाठी या. पहाटे फळांनी लगडलेल्या वडा-उंबराखाली गप्प उभं राहायचं. आधी पंखांचा आवाज येतो, वाफेचं इंजिन सुटल्यासारखा फस् फस्, मग वरून ती अवाढव्य पिवळी चोच. दांडेली गावातल्या लाकूड डेपोच्या परिसरातही ते दिसतात, म्हणजे गुडघेवाल्यालाही दर्शन फुकट. काळा बिबट्या इथं आहे, पण त्याच्या आशेवर पैसे घालू नका. राफ्टिंग धरणातून सोडलेल्या पाण्यावर चालतं, त्याची वेळ विचारून घ्या. हृदयाचा त्रास असेल त्यानं काठावर बसून फोटो काढावेत. आमच्यातल्या एकानं ऐनवेळी बीपीची गोळी चुकल्याचं कबूल केलं आणि काठावर बसला. नंतर दोन दिवस तोच राफ्टिंगच्या गोष्टी सगळ्यात रंगवून सांगत होता.

मुक्काम निवडताना एकच प्रश्न विचारा: रात्री संगीत असतं का? "असतं, सर!" असं उत्साहानं उत्तर आलं तर दुसरीकडं बघा. आमची पहिली रात्र शेजारच्या आवारातल्या ढणढणाटात गेली. दुसऱ्या रात्री जागा बदलली. संध्याकाळी सहानंतर जंगलातल्या रस्त्यावर गाडी काढायची नाही, हे पत्त्यांचा डाव कितीही रंगात आलेला असो.

या पट्ट्यात एक गोष्ट गांभीर्यानं घ्या: माकडताप. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू सापडला; २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गातही त्याची साथ होती. तो गोचिडीतून येतो, आणि त्याचे दिवस कोरडे, म्हणजे नेमके आपल्या ट्रीपचे. पाचोळ्यात बसायचं-लोळायचं नाही, पँट मोज्यात खोचायची, मुक्कामाला आल्यावर अंघोळ करून काखा-जांघा-कानामागं तपासायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं.

परतताना

दांडेलीहून सकाळी आठला निघा, जेवायला बेळगाव, आणि कोगनोळी नाका उजेडी ओलांडायचा. कागलपासून पुढं पुन्हा त्याच उसाच्या ट्रॉल्या.

घरी पोहोचल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि बूट उन्हात. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकं ठणकणं, अंगदुखी असं काही झालं तर डॉक्टरांना "मी जंगलात जाऊन आलोय" हे पहिल्या वाक्यात सांगा. आमच्या शेतकऱ्याला सहाव्या दिवशी कणकण आली. रक्त तपासलं, साधा व्हायरल निघाला, पण तेवढे दोन दिवस सहाही घरांत फोन वाजत होते.

हिशेब आठवडा उलटायच्या आत करून टाका. आम्ही तो रंकाळ्यावरच केला. मास्तरनं वही उघडून वडापावासकट सगळं वाचून दाखवलं. डब्यात अकराशे चाळीस रुपये उरले होते. वाटून घ्यायचे की ठेवायचे यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी भेळ मागवली, आणि उरलेले एक हजार चाळीस मास्तरच्या वहीत "चांदोली, पुढचा फेब्रुवारी" या नावानं जमा आहेत. तारीख त्यानंच टाकलीय, कुणाला विचारलेलं नाही.